फ्रीजमधून पाणी गळतंय, कूलिंग नीट होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रीज बिघडला की पहिला फोन मेकॅनिकला जातो. त्याआधी दहा मिनिटं फ्रीजसमोर बसून दोन गोष्टी बघा: पाणी नेमकं कुठे आहे, आणि ते कधी येतं. कूलिंगची तक्रार असेल तर नेमका कोणता कप्पा गरम आहे आणि कधीपासून, हे पाहा. निम्मं निदान तिथेच होतं आणि नको तो खर्चही बऱ्याचदा टळतो.

सकाळी उठल्यावर फ्रीजखाली पाणी साचलेलं दिसतं. सुरुवात कुठून करू?

रद्दी वर्तमानपत्रापासून. रात्री झोपण्याआधी फ्रीज आतून-बाहेरून कोरडा पुसा. भाजीचा ड्रॉवर काढून त्याच्या खालचा तळही पुसा. मग एक कागद ड्रॉवरखाली, एक दारासमोर जमिनीवर आणि एकेक दोन्ही बाजूंना आणि मागे अंथरा. मागच्या बाजूचा कागद कडेपर्यंतच सरकवा, कॉम्प्रेसरच्या खाली कोंबू नका, तो भाग तापतो. सकाळी कोणता कागद भिजलाय ते बघायचं.

ड्रॉवरखालचा कागद भिजला असेल तर पाणी आतून येतंय आणि बहुतेक वेळा ड्रेन, म्हणजे आतलं पाणी बाहेर नेणारं भोक आणि नळी, तुंबलेला असतो. आतला कोरडा आणि मागचा ओला असेल तर मागचा ट्रे किंवा त्यात येणारी नळी तपासा. फक्त दारासमोरचा ओला असेल तर दाराचं रबर, किंवा पुढून वाहून येणारं आतलंच पाणी. फ्रीजला पाण्याची लाइन जोडलेली असेल तर तीही संशयित. रात्री बराच वेळ वीज गेली होती का, हेही आठवून बघा. तसं असेल तर ते नुसतं वितळलेल्या बर्फाचं पाणी असू शकतं, बिघाड नव्हे. आणि आत एखादी बाटली किंवा दुधाची पिशवी तर गळत नाही ना, हे सगळ्यात आधी बघा.

भाजीच्या ड्रॉवरखाली सारखं पाणी साचतं. नेमकं काय होतंय?

दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते. त्यातली वाफ आतल्या सगळ्यात थंड भागावर, म्हणजे कूलिंग कॉइलवर, बर्फ होऊन बसते. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये या कॉइलखाली एक हीटर असतो. तो ठराविक काळाने चालू होऊन बर्फ वितळवतो. ते पाणी खालच्या पन्हाळीत पडतं, तिथल्या भोकातून नळीत जातं आणि मागे कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये उतरतं. कॉम्प्रेसरच्या उष्णतेने ते तिथेच वाळून जातं. म्हणून एरवी आपल्याला हे पाणी कधी दिसतच नाही. एका दाराच्या बऱ्याच डायरेक्ट कूल फ्रीजमध्ये (ज्यात फ्रीजरमधला बर्फ आपणच वितळवायचा असतो) आतल्या मागच्या भिंतीवर थेंब धरतात आणि ओघळून तळाच्या भोकात जातात, बाकी वाट तीच. त्या भिंतीवरचे थेंब बघून घाबरू नका, ते तिथे असायलाच हवेत.

हे भोक लहान असतं. पालेभाजीचा तुकडा, पिशवीचा फाटका कोपरा, बाटलीवरचं सुटलेलं लेबल, नाहीतर नुसता साचलेला बुळबुळीत थर, यांतलं काहीही त्याला पुरतं. भोक बंद झालं की पाणी पन्हाळीतून आत ओसंडतं आणि ड्रॉवरखाली तळं होतं.

ड्रेन घरी साफ करता येतो का?

डायरेक्ट कूलमध्ये सहज. आधी प्लग काढा. नुसता नॉब बंद करून चालणार नाही. खालचे ड्रॉवर आणि काच बाहेर काढा. मागच्या भिंतीच्या तळाशी मधोमध पन्हाळी आणि भोक दिसेल. काही फ्रीजमध्ये त्यात प्लॅस्टिकची छोटी खुंटी असते. ती भोक मोकळं ठेवण्यासाठीच दिलेली असते, काढून धुवा आणि आठवणीने परत बसवा.

सुई नसलेली मोठी सिरिंज घ्या. दोन कप कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवा आणि ते पाणी भोकातून हळूहळू सोडा. उकळतं पाणी नको, प्लॅस्टिक तडकतं. पाणी उलट वर येत असेल तर लवचीक, बोथट टोकाचं काहीतरी, उदाहरणार्थ प्लॅस्टिकची लांब केबल टाय, अलगद आत-बाहेर करा. लोखंडी तार किंवा विणायची सुई घालू नका. नळीला भोक पडलं किंवा ती आतल्या आत सांध्यातून निसटली तर पाणी इन्सुलेशनमध्ये मुरतं आणि ते काढायला जागाच नसते.

वाट मोकळी झाली की कळतं. आधी पाणी भोकात थबकून उभं असतं, मग एकदम खाली खेचलं जातं आणि मागून ट्रेमध्ये पडल्याचा टपटप आवाज येतो. तो आवाज ऐकल्याशिवाय काम संपलं असं समजू नका. शेवटी कपभर साधं पाणी ओतून ट्रेमध्ये तेवढं उतरलं का ते बघा.

फ्रॉस्ट-फ्रीमध्ये, विशेषतः फ्रीजर वर असलेल्या मॉडेलमध्ये, हे भोक फ्रीजरच्या मागच्या पॅनेलच्या आड असतं. पॅनेलमागे हीटर, वायरी आणि धारदार पत्र्याच्या पट्ट्या असतात. स्क्रू काढायची सवय नसेल तर हे काम मेकॅनिकला द्या. त्याला एवढं मात्र सांगा, की नळीचं खालचं टोकही बघ. काही मॉडेलमध्ये तिथे रबराची चपटी चोच असते. सगळा चिकट गाळ तिच्यात अडकतो. वरून कितीही पाणी सोडलं तरी ती चोच धुतल्याशिवाय उपयोग होत नाही.

साफ केलं, पण आठ-दहा दिवसांत पुन्हा तेच. का?

मग भोकात कचरा नसून बर्फ असण्याची शक्यता जास्त. फ्रीजरच्या तळाला काचेसारखा गुळगुळीत बर्फाचा थर धरला असेल तर तसंच समजा. वितळलेलं पाणी खाली जाण्याआधीच गोठतं आणि तोंड बुजवतं. कोमट पाण्याने ते तात्पुरतं सुटतं. पण डिफ्रॉस्ट हीटर नीट चालत नाही, ड्रेनपर्यंत ऊब पोचत नाही, किंवा दार नीट न लागल्याने आत वाजवीपेक्षा जास्त वाफ येते, यांतलं खरं कारण सापडेपर्यंत तो बर्फ पुन्हा धरणारच. डायरेक्ट कूलमध्ये डबे मागच्या भिंतीला टेकवून ठेवले तरी ओघळणारं पाणी डब्यांवरून पुढे वळतं. डबे दोन बोटं पुढे सरकवा आणि दोन दिवस वाट बघा.

मागच्या ट्रेतूनच पाणी सांडतंय.

प्लग काढून फ्रीज पुढे ओढा. ट्रे तडकला आहे का, जागेवरून सरकला आहे का, नळीचं टोक त्याच्या बाहेर तर पडलेलं नाही ना, ते बघा. फ्रीज हलवल्यानंतर सुरू झालेल्या गळतीत हे शेवटचं कारण हमखास निघतं. ट्रे धड असूनही भरून वाहत असेल तर पाणी वाळण्यापेक्षा जास्त वेगाने येतंय. अशा वेळी दाराच्या रबराकडे वळा. ट्रेमध्ये थोडं मळकट पाणी असणं साधारण आहे, पण तो कधीच धुतला नसेल तर स्वयंपाकघरात येणारा कुबट वास बहुधा तिथलाच असतो.

रबर खराब झालंय हे कसं ओळखू?

कागदाची पट्टी दारात अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावा आणि ओढा. थोडा अडथळा जाणवला पाहिजे. सहज निसटून आली तर तिथे फट आहे. चारही बाजूंनी, वीत-वीत अंतरावर करा. बिजागरीची बाजू सोडू नका, तिथलं रबर आधी दुमडतं. अंधार करून आत पेटता टॉर्च ठेवला तरी फट असेल तिथून उजेड दिसतो.

रबर बदलण्याआधी धुऊन बघा. घड्यांमध्ये साखरेचे, दुधाचे डाग वाळून चिकटलेले असतात आणि लोहचुंबकाची पट्टी दाराला टेकत नाही. साबणाचं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो. वाकलेलं रबर केस वाळवायच्या ड्रायरने, कमी उष्णतेवर, मऊ करून हाताने सरळ करता येतं. चिरलेलं किंवा कडक झालेलं रबर मात्र बदलावंच लागतं.

दार आपोआप लागत नसेल तर पुढचे पाय किंचित उंच करा. अर्धवट उघडं सोडलेलं दार स्वतःहून मिटायला लागलं की झालं.

फ्रीजच्या बाहेरून घाम येतो, दाराच्या कडेला थेंब धरतात.

हवा खूप दमट असेल तर थोडं चालायचंच. एरवी दाराची चौकट हाताला किंचित कोमट लागते. घाम धरू नये म्हणून तिच्या आतून गरम गॅसची नळी किंवा छोटा हीटर फिरवलेला असतो. एकाच जागी सतत घाम येत असेल तर तिथलं रबर तपासा.

फ्रीजर एकदम थंड, पण खालचा कप्पा गरम. असं कसं?

फ्रॉस्ट-फ्रीमधली ही सगळ्यात जास्त चुकीचं निदान होणारी तक्रार आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

अशा बहुतेक फ्रीजमध्ये थंडावा तयार होतो तो फक्त फ्रीजरच्या मागच्या कॉइलवर. एक पंखा ती गार हवा खालच्या कप्प्यात ढकलतो. म्हणजे खाली गरम असण्याची सरळ कारणं दोन: पंखा फिरत नाही, किंवा हवेची वाट बर्फाने बंद झाली आहे. दार उघडलं की पुष्कळ मॉडेलमध्ये पंखा थांबतो, म्हणून दाराचं बटण बोटाने दाबून धरा आणि कान द्या. घरघर ऐकू आली तर पंखा ठीक. मग फ्रीजरच्या मागच्या पॅनेलवर पांढरा भुगा धरलाय का ते बघा. तसं असेल तर आतली कॉइल बर्फाने लिंपली गेली आहे आणि डिफ्रॉस्टची यंत्रणा बंद पडली आहे: हीटर, सेन्सर, फ्यूज, टायमर किंवा सर्किट यांपैकी काहीतरी.

खात्री करायची असेल तर सामान दुसरीकडे हलवून, प्लग काढून, दारं उघडी ठेवून २४ तास फ्रीज बंद ठेवा. खाली जुने टॉवेल अंथरा, बरंच पाणी येतं. पुन्हा चालू केल्यावर काही दिवस फ्रीज उत्तम चालला आणि मग परत खालचा कप्पा गरम झाला, तर दोष डिफ्रॉस्टमध्येच आहे.

आमच्या घरी नेमकं हेच झालं होतं. मेकॅनिकने ‘गॅस गेलाय’ म्हणून गॅस भरला. बारा-तेरा दिवस फ्रीज झकास चालला, मग पुन्हा खालचं दूध नासायला लागलं. परत गॅस भरला, परत तेवढेच दिवस. तिसऱ्या वेळी दुसऱ्याने येऊन पॅनेल उघडलं तर कॉइल दिसतच नव्हती, नुसता पांढरा ठोकळा. हीटरच्या सर्किटमधला छोटासा फ्यूज गेला होता. गॅस भरताना अर्धा दिवस फ्रीज बंद राहायचा, तेवढ्यात बर्फ आपोआप वितळायचा आणि श्रेय गॅसला मिळायचं. दोन वेळा पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त वाटलं ते एवढ्यासाठी की पॅनेलचे चार स्क्रू कोणी आधी काढलेच नव्हते.

मग ‘गॅस गेलाय’ हे कधी खरं मानावं?

फ्रीजमधला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये वर्षानुवर्षं तोच फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता नुसता भरलेला गॅस पुन्हा जाणार.

खरी लक्षणं अशी: कॉम्प्रेसर थांबतच नाही, तरी दोन्ही कप्पे गरम, उष्णता बाहेर सोडणारी मागची किंवा बाजूची जाळी जेमतेम कोमट, कॉइलच्या सुरुवातीच्या थोड्याच भागावर बर्फ आणि बाकीची कोरडी, नळीच्या एखाद्या सांध्यावर तेलकट डाग. शेवटची दोन लक्षणं मेकॅनिकला दाखवायला सांगा. गळती कुठे सापडली, फिल्टर बदलणार का, व्हॅक्यूम करणार का (म्हणजे नळ्यांमधली हवा आधी काढून टाकणार का), गॅस वजन करून भरणार का, हे चार प्रश्न विचारा. जाणकार माणूस या प्रश्नांनी चिडत नाही.

कोणता गॅस आहे हे कॉम्प्रेसरवरच्या किंवा फ्रीजच्या मागच्या लेबलवर लिहिलेलं असतं. जुन्या काळी आर-१२ असायचा. ओझोनच्या थराला तो घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर बंद होत गेला आणि आर-१३४ए आला. आता घरगुती फ्रीजमध्ये बहुतेक आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो ज्वलनशील आहे. प्रमाण थोडं, १५० ग्रॅमच्या आतच असतं, पण नळीला भोक पडल्याची शंका आली तर खिडक्या उघडा, जवळ काहीही पेटवू नका, फ्रीजचं बटण किंवा प्लग यांच्याशी खेळू नका; मेन स्विच दुसऱ्या खोलीत असेल तर तिथून वीज बंद करा.

फ्रीजरमधला बर्फ सुरीने काढला तर?

नका. डायरेक्ट कूलच्या फ्रीजरची भिंत म्हणजेच गॅसची नळी असते, पातळ ॲल्युमिनियमची. सुरीचं टोक एकदा आत गेलं की सूं असा बारीक आवाज येतो आणि धडधाकट फ्रीज त्या क्षणी निकामी होतो. बर्फाचा थर अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास झाला की डिफ्रॉस्टचं बटण दाबा किंवा प्लग काढा. घाई असेल तर गरम पाण्याचं पातेलं आत ठेवून दार लावा. सुटलेले तुकडे हाताने किंवा लाकडी उलथन्याने उचला.

काहीच थंड होत नाही, आणि मागून दर काही मिनिटांनी ‘टक्’ आवाज येतो.

कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतोय, जमत नाही, म्हणून ओव्हरलोड, म्हणजे जास्त ताण आला की वीज तोडणारा छोटा स्विच, त्याला तोडतोय. तो टक् त्याचाच. व्होल्टेज कमी असेल तर असं होतं, म्हणून दुसऱ्या सॉकेटवर, एक्स्टेंशन बोर्ड न वापरता, लावून बघा. साध्या कॉम्प्रेसरच्या अंगाला लावलेला छोटा रिले, म्हणजे त्याला सुरू करणारा स्विच, गेला असेल तर तेवढाच बदलून काम भागतं. रिले न तपासता कॉम्प्रेसर बदलायला हो म्हणू नका. कॉम्प्रेसरचा वेग गरजेनुसार बदलणाऱ्या इन्व्हर्टर फ्रीजमध्ये हे काम सर्किट बोर्ड करतो, तिथे बोर्ड तपासावा लागतो.

बंद केलेला फ्रीज लगेच चालू करू नका. नळ्यांमधला दाब सारखा व्हायला किमान पाच मिनिटं द्या, नाहीतर चांगला कॉम्प्रेसरही असाच अडकतो.

फ्रीज चालतो, पण पूर्वीसारखा गार होत नाही.

आधी मोजा. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर ठेवून तो रात्रभर मधल्या कप्प्यात राहू द्या. सकाळी ४ अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी दिसायला हवं. फ्रीजरमध्ये उणे १८. हाताला गार लागतंय यावर विसंबू नका.

मागे काळी जाळी असेल तर तिच्यावरची धूळ मऊ ब्रशने काढा. लोकरीच्या गोधडीसारखी धूळ बसली असेल तर आतली उष्णता बाहेर जाणार कुठून? भिंतीपासून मॅन्युअलमध्ये दिलेलं अंतर सोडा. आत सामान इतकं कोंबू नका की हवेच्या झरोक्यापुढे डबा येईल. आणि दार लावल्यावर आतला दिवा बंद होतो का, हेही बघा: फोनवर व्हिडिओ सुरू करून फोन आत ठेवा, दार लावा आणि मग पाहा.

उलट, भाजी गोठते.

नॉब कमी करा, भाजी झरोक्यापासून आणि मागच्या भिंतीपासून लांब ठेवा. फरक पडला नाही तर थर्मोस्टॅट, सेन्सर किंवा हवेचं झडप अडकलंय.

कोणत्या आवाजांची काळजी करू नये?

खळखळ हा नळीतून जाणाऱ्या गॅसचा. कटकट, तडतड हा प्लॅस्टिक आकुंचन-प्रसरण पावल्याचा. डिफ्रॉस्टच्या वेळी चर्र असा आवाज येतो, तो हीटरवर पडलेल्या थेंबाचा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर तासन्‌तास बारीक गुणगुणत राहतो, तो तसाच चालायला बनवलेला आहे. बाजूच्या भिंती गरम लागत असतील तर उष्णता सोडणाऱ्या नळ्या त्यांच्या आत आहेत. पंख्याचं पातं बर्फाला घासल्याचा खरखर आवाज मात्र दुर्लक्षू नका.

हात लावला की झिणझिणी येते.

फ्रीजला पुन्हा हात लावू नका. बोर्डावरून किंवा मेन स्विचवरून वीज तोडा, मग प्लग काढा. अर्थिंग आणि फ्रीज दोन्ही इलेक्ट्रिशियनकडून तपासून होईपर्यंत तो चालू करायचा नाही, आत कितीही सामान असलं तरी. जमिनीवर पाणी सांडलेलं असेल तर त्यात अनवाणी उभं राहून प्लगला हात लावणं जिवावर बेतू शकतं.

पाण्याची लाइन जोडलेला फ्रीज गळतोय.

भिंतीकडचा व्हॉल्व्ह बंद करून बघा. गळती थांबली तर नळीचे सांधे, फिल्टर नीट घट्ट बसला आहे का आणि मागचा पाण्याचा व्हॉल्व्ह, या क्रमाने तपासा.

फ्रीज बंद पडलाय. आतलं अन्न किती वेळ टिकेल?

दार उघडलं नाही तर खालचा कप्पा साधारण ४ तास. फ्रीजर गच्च भरलेला असेल तर ४८ तास, अर्धा असेल तर २४. दूध, मांस, मासे, शिजवलेलं अन्न ४ अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिलं असेल तर टाकून द्या. चव घेऊन ठरवू नका, विषबाधा करणारे जंतू चवीत किंवा वासात कळतीलच असं नाही. फ्रीजरमधल्या वस्तूत अजून बर्फाचे कण असतील तर ती पुन्हा गोठवता येते.

फ्रीज आडवा करून आणला. लगेच लावू?

नको. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं. जेवढा वेळ आडवा होता किमान तेवढा वेळ, आणि दिवसभर आडवा असेल तर पूर्ण २४ तास, उभा ठेवा.

दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

ड्रेन, रबर, पंखा, रिले, डिफ्रॉस्टचे भाग यांसाठी जुना फ्रीजही दुरुस्त करणं योग्यच. दहा-बारा वर्षांपुढच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर गेला किंवा भिंतीच्या आत गॅसची गळती निघाली, तर मी नव्याकडे झुकेन. वॉरंटीचं कार्ड मात्र आधी काढा. पुष्कळ फ्रीजना कॉम्प्रेसरची वॉरंटी बाकी फ्रीजपेक्षा लांब असते.

मेकॅनिकला बोलावताना काय सांगू?

मॉडेल नंबर (आतल्या भिंतीवर स्टिकर असतो), पाणी कुठे आणि दिवसाच्या कोणत्या वेळी दिसतं, दोन्ही कप्प्यांचं मोजलेलं तापमान, कॉम्प्रेसर चालतो की टक् करून थांबतो, आतला पंखा ऐकू येतो का. बर्फ धरला असेल तर मेकॅनिक येईपर्यंत वितळवू नका. निदान पॅनेलवरच्या पांढऱ्या भुग्याचा एक फोटो काढून ठेवा. बदललेला भाग आपल्याकडे मागून घ्या आणि बिलावर त्याचं नाव लिहायला लावा, म्हणजे तीच तक्रार पुन्हा आली तर पुढच्या माणसाला कुठून सुरुवात करायची ते कळेल.